मीठ्या पाण्याची वाम : शेवटचे १७ तास

शनिवार, दुपारी १२. बाकी १७ तास

सुरतेच्या लिंबायतमध्ये वरच्या खोलीत आमची चार फुटी टाकी, साधारण अडीचशे लिटरची. पाव भाग पाणी बदललं, खारेपणा मोजायचा काटा पाहिला : १.०१०. बरोबर.

हा काटा मी महागात शिकलो होतो. पाच महिन्यांपूर्वी वाम घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मीठा पानी की है, भाई." गुजरातीत 'मीठुं' म्हणजे गोडही आणि मीठही. आमच्या गल्लीमागची मीठी खाडीसुद्धा मराठी कानाला खारट ऐकू येते. मी गोड समजलो आणि नळाचं पाणी भरलं. दोन महिन्यांत वामीनं खाणं सोडलं, कातडीवर दुधाळ साय धरली. मग कळलं, ही जिम्नोथोरॅक्स टाइल. फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात नोंदवलेली, खाडीमुखाच्या मचूळ पाण्यात राहणारी. बाजारात मात्र 'गोड्या पाण्याची' म्हणून खपते. तेव्हापासून समुद्री मीठ, लिटरला बारा-पंधरा ग्रॅम. खाण्याचं मीठ चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. महिन्याभरात ती पुन्हा खायला लागली.

झाकणात फिल्टरच्या नळ्यांसाठी खाच आहे, दोन बोटं रुंद. तिच्यात स्पंज कोंबायचा राहिलाय.

दुपारी ४. बाकी १३ तास

पाऊस थांबत नाही. खाडी उलटली, गल्लीत घोटाभर पाणी. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुरतेत शिरलं तेव्हापासून माय पाणी दिसलं की आधी गव्हाची कोठी वर चढवते. मागोमाग टिकल्या लावायला आणलेल्या साड्यांचे गठ्ठे. टाकी वरच आहे, म्हणून तिची काळजी कुणालाच नाही.

संध्याकाळी ६. बाकी ११ तास

लाइट गेली. पाणी भरलं की ती घालवतातच. टाकीखालच्या डब्याच्या फिल्टरची घरघर थांबली.

फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. आतल्या दगड-स्पंजावर जिवाणूंची वस्ती असते. माशाच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया ते आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. त्यांना वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. बंद डब्यात तो दोन-चार तासांत संपतो. सेलवर चालणारा हवेचा पंप दोनेकशे रुपयांत मिळतो. माझ्याकडे नव्हता.

रात्री ८. बाकी ९ तास

मेणबत्तीच्या उजेडात मायनं मूठभर झिंगे टाकीत सोडले. "खाऊ दे बिचारीला. लाइट कधी येईन काय माहीत." मी हसलो. वाम आठवडाभर उपाशी राहू शकते, आठवड्यातून दोन-तीनदा खाणं तिला पुरतं. तिनं दोन झिंगे गिळले. बाकीचे वाळूत पडले आणि कुजायला लागले.

रात्री ११. बाकी ६ तास

वाम एरवीही तोंड उघडमीट करते. तो राग नसतो, श्वास असतो. पण आता वेग दुप्पट होता आणि ती पाइपातलं बीळ सोडून वर आली होती. उकाड्यात पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खारटात आणखी कमी. शिवाय निमखाऱ्या पाण्याचा सामू आठच्या आसपास, म्हणजे तोच अमोनिया जास्त जहरी.

मी तांब्यानं पाणी वर उचलून ओतत राहिलो, तासभर. झिंगे काढले नाहीत; अंधारात दिसले नाहीत. पाणी बदलायचं तर मीठ कालवून ठेवलेली बादली हवी. तीही नव्हती. हात भरून आले, झोपलो.

पहाटे ३.३०. बाकी दीड तास

लाइट आली. गल्लीतून पोरांचा ओरडा. मी डोळे चोळत उठलो आणि पहिल्यांदा फिल्टरचं बटण दाबलं.

हीच ती चूक. साडेनऊ तास कोंडलेल्या डब्यातलं पाणी आधी ओतून द्यायचं असतं, स्पंज टाकीतल्याच पाण्यात खळखळून घ्यायचा असतो. नळीतून करडा लोट टाकीत सुटला. खोलीत सडक्या अंड्यासारखा वास पसरला. मला वाटलं, खाडीचा असेल. खिडकी लावून घेतली.

पहाटे ५. बाकी काही नाही

मायनं हाक मारली, "भाऊ, खाली बघ."

वाम साड्यांच्या गठ्ठ्याजवळ होती. दोन फुटांची, आखडलेली. खाचेतून निघून, भिंतीच्या कडेनं सरकत इथवर आली असावी. वामीला खवले नसतात, अंगभर नुसता चिकट बुळबुळीतपणा. त्याला सांडलेल्या टिकल्या चिकटल्या होत्या, हिरव्या आणि सोनेरी, शेपटीपासून गालापर्यंत. माय एकेक टिकली नखानं काढत बसली.

मी उठून सवयीनं काटा पाण्यात धरला. १.०१०. अगदी हवा तिथं.