पगारवाढ न मागणारा अर्ज

आजचा लेख जरा उशिरा टाकतोय, कारण सकाळभर ऑफिसचंच काम करत होतो. हो, रविवारी. आणि काम काय, तर ‘टीममधले लोक खूश का नाहीत आणि त्यावर उपाय काय’ याचं प्रेझेंटेशन. हसू नका!

झालं असं, की गेल्या तीन महिन्यांत आमच्या बारा जणांच्या टीममधून चौघांनी राजीनामे टाकले. मी नुकताच टीम लीड झालेला, त्यामुळे ही घंटा माझ्या गळ्यात. मी कारण लिहिलं, ‘बाहेर पगार जास्त’. उपाय लिहिले, हाइक, शुक्रवारी पिझ्झा आणि ‘महिन्याचा मानकरी’. तीन स्लाइड झाल्यावर कंटाळा आला. मग मुंबईच्या गिरण्यांवरचं अर्धवट राहिलेलं वाचन पुढे ओढलं आणि त्यात १८८४ सालचा एक अर्ज भेटला. तेव्हापासून त्या तीन स्लाइड मला बघवत नाहीयेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईतली पहिली सूतगिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या तीसेक वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे कामाचे तास सूर्य ठरवायचा. उजाडलं की भोंगा, मावळलं की सुट्टी. उन्हाळ्यात हा हिशोब तेरा-चौदा तासांवर जायचा. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रं पुसायला बऱ्याच ठिकाणी बोलावणं यायचंच. (आमच्याकडे याला मेंटेनन्स विंडो म्हणतात.) पगार महिना-महिना मागे ठेवलेला असायचा. मध्येच काम सोडलं तर तो बुडायची भीती, आणि हातात येईपर्यंत सावकार होताच. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल काहीच नाही.

आता आपला माणूस. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, ठाणे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, मग एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे कामगारांची अवस्था त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिली होती. १८८० पासून ते मुंबईतून ‘दीनबंधु’ चालवत होते. १८८४ साली सरकारने गिरणी कामगारांच्या प्रश्नावर कमिशन नेमलं, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला.

त्यात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जायबंदी झाल्यास बरं होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

परत एकदा वाचा. पगारवाढ आहे कुठे? पैशाचा उल्लेख आहे, पण तो वेळेवर मिळण्याचा आणि हात तुटला तर उपाशी न मरण्याचा. पगार काही भरपूर नव्हता. तरी या माणसांनी आधी काय मागितलं, तर दिवस कुठे संपतो हे आम्हाला कळू द्या.

पुढची गोष्ट लांबलचक आहे. मालकांचा विरोध तर होताच. कायदा म्हणजे मँचेस्टरवाल्यांचा देशी गिरण्या बुडवायचा डाव, असं म्हणणारी देशी वृत्तपत्रंही बरीच होती. (त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. तिकडच्या गिरणीवाल्यांना इथल्या कामगाराचा पुळका आला होता तो फुकट नव्हे.) लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’कडे ना सभासदांची नोंदवही होती, ना फंड. तरी २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारांनी भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारची विश्रांती आली, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मात्र तेव्हाही मर्यादा मिळाली नाही. १८९७ च्या प्लेगच्या साथीत लोखंडे गेले.

दर १० जूनला ‘रविवारची सुट्टी कोणी दिली’ असा फॉरवर्ड फिरतो, तो तुम्हीही पाहिला असेल. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासूनच होता, हे त्यात नसतं. सुट्टी होतीच, फक्त गिरणीवाल्याची नव्हती. मला तरी हे जास्त बोचतं.

असो. तर माझं प्रेझेंटेशन.

गेलेल्या चौघांपैकी एकीचा राजीनामा माझ्या टेबलावरून पुढे गेला होता. कारणाच्या रकान्यात ‘चांगली संधी’ असंच होतं, ते सगळेच लिहितात. आज सहज आमचं जुनं चॅट उघडलं. शनिवारी रात्री साडेअकराला माझा मेसेज, ‘जागी आहेस का? पाच मिनिटांचंच काम आहे.’ रविवारी सकाळी आणखी एक. असे मोजले, तर दोन महिन्यांत चौदा. प्रत्येक मेसेज अगदी नम्र. गिरणीत कामगाराला घेणारा, काढणारा आणि हाकणारा जॉबर असायचा. तो मला कायम पुस्तकातला व्हिलन वाटायचा. तो बहुधा स्वतःला टीम लीडच समजत असावा.

पिझ्झाची स्लाइड काढून टाकली. हाइकची ठेवली आहे. पगार वाढू नये असं लोखंडेही म्हणाले नसते! पण तिच्या आधी आता दुसरी स्लाइड आहे, तीनच ओळींची. रविवारी कोणी कोणाला मेसेज करायचा नाही. जेवणाच्या वेळेत मीटिंग नाही. रिलीजच्या दिवशी काम किती वाजता संपणार ते सकाळीच सांगायचं. उद्या वरचे लोक विचारतील, यात कंपनीचा खर्च किती? शून्य, म्हणजे नाकारायला कारण सापडणं अवघड. बघू काय होतं ते.

प्रेझेंटेशन तपासायला टीममधल्या एका मुलाला पाठवणार होतो. घड्याळ बघितलं, वार बघितला आणि ठेवून दिलं. उद्या दहाला पाठवीन.