बऱ्हाणपूरच्या मशिदीतील संस्कृत लेख

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकून महाराष्ट्राची सीमा ओलांडते आणि थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. आज हे मध्यप्रदेशातील एक शांत, जिल्ह्याचे गाव आहे. प्रवासी येथे उतरतो तो बहुधा मुमताजमहलच्या आठवणीने. १६३१ च्या जूनमध्ये ती ह्याच गावी निवर्तली, आणि आग्र्यास नेईपर्यंत तिचा देह तापीपलीकडील जैनाबादेत पुरलेला होता. किल्ल्यातील हमामखाना पाहावा, आहुखान्याकडे एक फेरी मारावी आणि परतीची गाडी धरावी, असा सर्वसाधारण शिरस्ता. परंतु ह्या गावाचा स्वभाव ज्यास ओळखावयाचा असेल, त्याने भर बाजारपेठेतील जामा मशिदीत थोडा वेळ थांबावे, असे सुचवावेसे वाटते.

हे नगर मोगलांनी वसविलेले नव्हे. खानदेशावर दोन शतकांहून अधिक काळ राज्य करणाऱ्या फारूकी घराण्यातील नासिरखानाने पंधरावे शतक उजाडण्याच्या सुमारास ते तापीच्या उत्तर तीरावर वसविले, आणि शेख बुऱ्हानुद्दीन ह्या सूफी सत्पुरुषाचे नाव त्यास दिले. समोरच्या तीरावरील जैनाबाद हे शेख जैनुद्दीन ह्यांच्या नावाचे. ह्या दोघांच्याही कबरी आपल्या खुलताबादेस आहेत. देवगिरीच्या परिसरातील दोन साधूंची नावे अशा रीतीने तापीच्या दोन्ही काठांवर येऊन राहिली.

जामा मशीद बांधविली ती राजा अलीखान फारूकी ह्याने. आदिलशाह ही त्याची पदवी. विजापूरच्या आदिलशाहीशी मात्र तिचा संबंध नाही. मशिदीच्या दर्शनी भागी कमानींची लांब ओळ आहे आणि दोन्ही टोकांस दोन उंच मिनार आहेत. आत अरबी लेख आहे, तो कोणत्याही मशिदीत असावा तसाच. नवल वाटते ते त्याच्या सोबतीस असलेल्या देवनागरी अक्षरांतील संस्कृत लेखाचे. रायबहादूर हिरालाल ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हापासून तो अभ्यासकांस परिचित आहे.

लेखाचा आरंभ सृष्टिकर्त्यास नमन करून होतो. तो अव्यक्त, सर्वव्यापी आणि गुणांपलीकडचा आहे, असे त्याचे वर्णन केले आहे. मुसलमानाने ते वाचले तर त्यास आपल्या श्रद्धेविरुद्ध असे काही आढळू नये, आणि वेदान्ती पंडिताने वाचले तर त्यासही ते परके वाटू नये, अशी ही शब्दयोजना आहे. पुढे आकाशात चंद्रसूर्य आहेत तोवर फारूकी वंश नांदो, अशी प्रार्थना येते. नंतर राजा मलिकापासून वंशावळ दिली आहे आणि मग काल. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, सोमवार. शिवाय नक्षत्रादी तपशील, जणू एखाद्या बालकाची जन्मपत्रिकाच मांडावी तसा. इसवी सनाच्या हिशेबाने हा काल जानेवारी १५९० चा येतो. अखेरीस, राजाने ही ‘मसीति’ आपल्या धर्माचे पालन व्हावे म्हणून बांधविली, असे सांगून लेख संपतो.

मशिदीस संस्कृतात शब्द योजण्याची ही पहिली वेळ नव्हती. गोव्याचा कदंब राजा पहिला जयकेशी ह्याच्या १०५९ च्या पणजी ताम्रपटात ‘मिजिगिती’ असा शब्द आलेला आहे. तेथे हिंदू राजाच्या शासनपत्रात मुसलमानांच्या प्रार्थनास्थळाची सोय लागते. येथे मुसलमान राजा आपल्या प्रार्थनास्थळाची वार्ता आपल्या बहुसंख्य प्रजेच्या विद्वद्भाषेत कोरवितो. राजा अलीखानाने आपला धर्म सौम्य केला, असे ह्यावरून म्हणता येत नाही. तो तर ‘आपल्या धर्मासाठी’ असे स्पष्ट सांगतो. परंतु तो ज्योतिष्याकडून मुहूर्ताचा काल मांडवून घेतो आणि पंडिताकडून श्लोक रचवून घेतो. आपल्या धर्मकार्यास शेजाऱ्याची भाषा साक्षीस असावी, असे त्यास वाटले.

चंद्रसूर्याच्या साक्षीने केलेली ती प्रार्थना मात्र फळास आली नाही. १५९७ साली मोगलांच्या बाजूने दक्षिणी फौजांशी लढताना राजा अलीखान पडला. पुढे त्याचा पुत्र बहादुरखान अकबराशी बिघडला, आणि जानेवारी १६०१ मध्ये आसीरगड पडताच फारूकींचे राज्य बुडाले. लेख कोरून अवघी अकरा वर्षे झाली होती. त्याच मशिदीत मग अकबराचा विजय सांगणारा फार्सी लेख मीर मुहंमद मासूम ह्याने कोरविला. जुने लेख मात्र कोणी फोडले नाहीत.

मराठी वाचकास ह्या मशिदीशी आणखी एक नाते आठवले पाहिजे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरची पेठ बहादुरपुरा लुटली. आपल्या बखरींना आणि शाळेतल्या इतिहासाला तो पराक्रम ठाऊक आहे. खाफीखान त्याचीच दुसरी बाजू सांगतो: जीविताची व अब्रूची शाश्वती उरली नाही, आता शुक्रवारची नमाजही बंद ठेवावी लागेल, अशा आशयाचे गाऱ्हाणे गावच्या प्रतिष्ठितांनी औरंगजेबास लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस बादशहा बऱ्हाणपुरास येऊन पोहोचला. स्वराज्यासाठी लढणाऱ्यांचा अभिमान बाळगतानाच, त्या तीन दिवसांत ज्यांची घरे धुऊन निघाली ते विणकर आणि व्यापारीही ह्याच मातीतले होते, हे विसरता कामा नये. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर हे शहर मराठ्यांकडे आले. मशीद जागच्या जागी राहिली.

फारूकी गेले, मोगल गेले, पेशवे आणि शिंदे गेले. मशिदीत आजही नमाज होते, आणि भिंतीवरची ती देवनागरी अक्षरे आपल्या वाचता येणाऱ्या लिपीत आहेत. बऱ्हाणपुरास जाणाऱ्या मराठी माणसाने नमाजाची वेळ टाळून, पादत्राणे बाहेर काढून, अनुमती घेऊन ती अवश्य पाहावीत. इतरांच्या देवालयात आपल्या ओळखीचे अक्षर भेटण्याचा योग नेहमी येत नाही.