आग्र्याचा ‘लाल ताज’ : शिंदेशाहीतील एका डच सेनाधिकाऱ्याची कबर

प्रस्तावना

आग्रा येथील जुन्या रोमन कॅथलिक दफनभूमीत तांबड्या वालुकाश्माची एक घुमटाकार कबर आहे. ताजमहालाची लहान आवृत्ती वाटावी अशा तिच्या रूपामुळे ती ‘लाल ताज’ या नावाने ओळखली जाते. ताजमहालाची नक्कल म्हणून तिच्याकडे कुतूहलाने पाहिले जाते. परंतु जिची ही कबर, ती व्यक्ती मराठ्यांच्या सेवेत होती याकडे पुरेसे लक्ष जात नाही. जॉन विल्यम हेसिंग हा दौलतराव शिंदे यांच्या फौजेतील कर्नल व आग्र्याचा किल्लेदार होता. त्यामुळे ही कबर मराठ्यांच्या उत्तरेतील सत्तेच्या इतिहासाचे एक साधन ठरते.

दफनभूमी व वास्तू

ही दफनभूमी मोगल काळापासूनची आहे. इ.स. १६१४ मध्ये मृत्यू पावलेला इंग्रज व्यापारी जॉन मिल्डेनहॉल आणि इ.स. १७७८ मध्ये आग्र्यात वारलेला वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू यांच्या कबरी येथेच आहेत. या साऱ्यांत हेसिंगची कबर सर्वांत भव्य आहे. उंच चौथरा, चारही बाजूंस उंच कमानी, वर फुगीर घुमट आणि खाली तळघर अशी तिची मांडणी आहे. ताजमहालाचे चार स्वतंत्र मिनार मात्र येथे नाहीत आणि संगमरवराऐवजी आग्रा परिसरातील इमारतींत सर्रास आढळणारा तांबडा दगड वापरलेला आहे. शाहजहानने पत्नीसाठी ताजमहाल बांधला. येथे पत्नी ॲन हिने मुलांसह पतीसाठी कबर उभारली.

हेसिंगची कारकीर्द

कबरीवरील इंग्रजी मृत्युलेख म्हणजे हेसिंगचे संक्षिप्त चरित्रच होय. त्यानुसार तो हॉलंडमधील उट्रेख्टचा रहिवासी. इ.स. १७५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा सैनिक म्हणून तो सिलोनला आला. पुढे निजामाची चाकरी करून इ.स. १७८४ मध्ये तो महादजी शिंद्यांकडे दाखल झाला. हा काळ महादजींच्या उत्कर्षाचा होता. इ.स. १७८५ मध्ये आग्र्याचा किल्ला त्यांच्या हाती आला. इस्माईल बेगाविरुद्ध आग्र्याजवळ झालेल्या लढाईत हेसिंग जबर जखमी झाला. पुढे सेनापती द बॉयन याच्याशी बेबनाव झाल्यावरही महादजींनी त्याला सोडले नाही. उलट स्वतःची खास पथके उभारण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. इ.स. १७९४ मध्ये वानवडी येथे महादजींचे निधन झाले. त्यानंतर दौलतरावांच्या काळात, इ.स. १७९८ मध्ये, हेसिंग कर्नल झाला आणि लवकरच आग्र्याचा कारभार त्याच्याकडे आला. दीर्घ आजारानंतर २१ जुलै १८०३ रोजी तो मरण पावला.

मृत्यूनंतरचे तीन महिने

हेसिंगच्या मृत्यूनंतर ऑगस्टच्या प्रारंभीच इंग्रज-मराठे युद्ध पेटले. सप्टेंबरमध्ये अलीगढ व दिल्ली पडली आणि शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरॉन इंग्रजांच्या आश्रयास गेला. आग्र्यात हेसिंगचा मुलगा जॉर्ज अधिकारावर होता. किल्ल्यातील शिबंदीचा आता गोऱ्या अधिकाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता. तिने जॉर्जसह त्यांना कैदेत ठेवले. तरीही ऑक्टोबरमध्ये किल्ला जनरल लेकच्या स्वाधीन झाला आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांचा दोआबावरील अधिकार संपला. एवढी वास्तू तीन महिन्यांत पूर्ण होणे अशक्यप्राय असल्याने, शिंद्यांच्या कर्नलची ही कबर कंपनीच्या अमलात पुरी झाली असे मानण्यास जागा आहे.

निष्कर्ष

या कबरीचे रूप मोगल, लेखाची भाषा इंग्रजी आणि मृत व्यक्ती डच आहे. मात्र तिच्यामागील प्रतिष्ठा आणि संपत्ती शिंद्यांच्या चाकरीतून आलेली आहे. महादजींची कवायती फौज कशी घडली, याचे हे दगडी प्रमाण होय. गुणी परदेशी माणसे जमविणे व टिकविणे हे महादजींचे सामर्थ्य होते. त्यांच्या पश्चात तेच सामर्थ्य उणीव ठरले. फौजेचे वरचे अधिकार परक्यांच्या हाती एकवटले. हेसिंगचा मुलगा त्याच्या जागी आला आणि त्याचा जावई सदरलंड हाही शिंद्यांचाच अधिकारी होता. संकटाच्या वेळी शिपाई व अधिकारी यांच्यात विश्वास राहिला नाही. हेसिंगची वैयक्तिक निष्ठा संशयातीत असली, तरी राज्याचे संरक्षण अशा व्यक्तिगत निष्ठेवर विसंबू शकत नाही, हे इ.स. १८०३ ने दाखवून दिले. पुण्याजवळ वानवडीची छत्री महादजींचे स्मरण जागवते. आग्र्याचा हा ‘लाल ताज’ त्याच सत्तेचे दुसरे टोक दाखवतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने ही दोन्ही स्थळे एकत्र विचारात घ्यावयास हवीत.