कॅमेऱ्याच्या मागे कोण आहे? ‘हॅलोविन’ची पहिली चार मिनिटं

आजचा भाग चार-साडेचार मिनिटांवर आहे. जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लागला. बजेट तीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चहापाण्याचे पैसे. पिक्चर ९१ मिनिटांचा आहे, आणि त्यात रक्त जवळजवळ दिसतच नाही. तरी शेवटपर्यंत भीती वाटत राहते. माझं म्हणणं असं की ती भीती सुरुवातीच्या एका सीनने पेरून ठेवलेली आहे. कशी, तेच आज बघू. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगतो, शेवट सांगणार नाही, पण सुरुवात पूर्ण फोडणार आहे.

३१ ऑक्टोबर १९६३, इलिनॉय राज्यातलं हॅडनफील्ड नावाचं काल्पनिक गाव. हॅलोविनची रात्र, म्हणजे पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात ती. रस्त्यापलीकडून आपण एका पांढऱ्या घराकडे बघतोय. ‘आपण’ हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण कॅमेरा म्हणजे कुणाची तरी नजर आहे आणि कुणाची ते सांगितलेलं नाही. ही नजर घराजवळ जाते, बाजूने वळसा घालते, खिडकीतून आत डोकावते. सोफ्यावर एक मुलगी आणि तिचा बॉयफ्रेंड. घरात आपण दोघंच ना, असं तो विचारतो. मायकल असेल इथेच कुठेतरी, असं ती म्हणते. दोघं वर जातात. नजर मागे सरकते, वरच्या खिडकीकडे बघते. दिवा विझतो आणि त्याच क्षणी सिंथेसायझरचा एक कर्कश सूर कानात घुसतो.

मग मागच्या दाराने स्वयंपाकघर. ड्रॉवर उघडतो, एक हात मोठा सुरा काढतो. जिन्यापाशी थांबणं. बॉयफ्रेंड शर्ट चढवत खाली येतो आणि निघून जातो. (तो इतक्या लवकर खाली येतो की त्यावर चाहत्यांचे विनोद आजही चालू आहेत.) जिना चढताना जमिनीवर पडलेला विदूषकाचा मुखवटा उचलला जातो, आणि पडदा काळा होऊन दोन भोकांपुरता उरतो. मुलगी आरशासमोर केस विंचरतेय. ती वळते, ‘मायकल!’ म्हणून ओरडते. वार सुरू होतात, आणि इथे नजर तिच्याकडे नाही, स्वतःच्याच वरखाली होणाऱ्या हाताकडे बघते. मला संपूर्ण सीनमधली ही सगळ्यात भयंकर गोष्ट वाटते. कुतूहल आहे त्यात.

मग खाली, बाहेर. गाडीतून आईवडील उतरतात, वडील मुखवटा ओढतात, आणि पहिल्यांदा कॅमेरा उलट बाजूने बघतो. विदूषकाच्या कपड्यातला सहा वर्षांचा मुलगा. हातात सुरा, चेहऱ्यावर काही नाही. कॅमेरा क्रेनवरून मागे-वर जात राहतो आणि तिघंही पुतळ्यासारखे उभे.

आता यातलं नवीन काय होतं? नजरेचा खेळ तर जुनाच. रूबेन मामूलियनने १९३१ मध्ये ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ची सुरुवात अशीच केली होती. ऑर्गन वाजवणारे हात आपलेच, आणि जेकिलचा चेहरा पहिल्यांदा दिसतो तो आरशात. १९६० मध्ये मायकेल पॉवेलने ब्रिटनमध्ये ‘पीपिंग टॉम’ केला. तिथे आपण खुन्याच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधूनच एका बाईचा पाठलाग करतो. तिथल्या समीक्षकांनी पॉवेलला अक्षरशः सोलून काढलं, पिक्चर लवकरच उतरवला गेला आणि इतक्या मोठ्या दिग्दर्शकाला मायदेशात काम मिळणं जवळपास बंद झालं. खुन्याच्या डोळ्यांमागे बसवलेलं प्रेक्षकाला सहन होत नाही, याची किंमत त्याने मोजली. पुढे १९७४ मध्ये कॅनडात बॉब क्लार्कने ‘ब्लॅक ख्रिसमस’ची सुरुवात खुन्याच्या नजरेने केली. कॅमेरामन अंगावर कॅमेरा बांधून खरंच घराच्या भिंतीवरच्या वेलीच्या जाळीवर चढला. तिथे नजर हलते, धडपडते, माणसासारखी धापा टाकते.

‘हॅलोविन’ची नजर धापा टाकत नाही. ती तरंगते. याचं कारण यंत्र. गॅरेट ब्राउन या माणसाने स्टेडिकॅम बनवला, तो ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’मधून १९७६ मध्ये लोकांसमोर आला. पॅनाव्हिजन कंपनीने त्याला उत्तर म्हणून पॅनाग्लाइड काढला, आणि कार्पेंटर व त्याचा सिनेमॅटोग्राफर डीन कंडी यांनी तो वापरला. माझ्यातल्या इंजिनिअरला हे यंत्र फार आवडतं, म्हणून एक मिनिट घेतो. डोंबाऱ्याची मुलगी दोरीवरून चालताना हातात आडवा लांब बांबू धरते. वजन लांबवर पसरलं की वस्तू पटकन फिरत नाही, तोल जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सावरता येतं. इथेही तेच. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर, मधे जवळपास घर्षण नसलेला सांधा, आणि हे सगळं स्प्रिंगच्या हाताने ऑपरेटरच्या जॅकेटला टांगलेलं. तो चालतो, जिना चढतो, पण पावलांचा धक्का कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

परिणाम विचित्र होतो. माणसाची नजर आहे असं डोकं सांगतं, पण माणूस असा चालत नाही असं पोटात जाणवतं.

शिवाय कट नाही. म्हणजे आहे, मुखवटा चढवताना एक चोरून लपवलेला आहेच, पण जाणवत नाही. एरवी कट ही प्रेक्षकाची पळवाट असते. दुसऱ्या खोलीत काय चाललंय ते दिसतं, दोन मिनिटं उडी मारली जाते. इथे ड्रॉवरपासून जिन्यापर्यंतचं प्रत्येक पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. कॅमेरा चारी बाजूंनी फिरतो, त्यामुळे दिवे आणि माणसं लपवायला जागा नाही. घर साउथ पॅसाडिनातलं, पडीक. उरलेल्या पिक्चरला ते पडीकच हवं होतं, म्हणून रंगरंगोटी करून हा पहिला सीन सगळ्यात शेवटी शूट झाला. सुरा उचलणारा हात निर्माती आणि सहलेखिका डेब्रा हिलचा. आणि एक सरळसरळ लबाडी: सहा वर्षांच्या मुलाच्या मानाने नजर फारच उंचावर आहे. मला ती लबाडी पटते. उंची खरी ठेवली असती तर पहिल्याच खिडकीपाशी गुपित फुटलं असतं. नाव मात्र दोनदा उघड घेतलंय आणि आपण ऐकूनही ऐकत नाही.

संगीताबद्दल थोडक्यात. संगीत नसलेली प्रत पाहिलेल्या एका स्टुडिओतल्या बाईंना अजिबात भीती वाटली नाही, असं कार्पेंटर स्वतः सांगतो. मग त्याने स्वतःच संगीत केलं. टायटलला वाजणारी धून पाचाच्या ठेक्यात आहे. दहा भाग मोजले तर ३-३-२-२. आपला झपतालही दहा मात्रांचाच, पण २-३-२-३, त्यात एक डोलणं आहे. इथे शेवटचे दोन तुकडे आखूड, म्हणून कुणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटतं. खुद्द सीनमध्ये मात्र बराच वेळ शांतता आहे, म्हणून तो दिवा विझतानाचा सूर इतका लागतो.

आता सुरुवातीला म्हटलं त्या पेरणीकडे येऊ. या सीनने एक नियम शिकवला: कॅमेरा असा तरंगायला लागला की कुणीतरी बघतंय. पुढे भर दिवसा, हिरव्यागार फुटपाथवरून लॉरी शाळेत चाललेली असते, कॅमेरा तसाच तरंगत असतो, आणि आपण मायकलला शोधायला लागतो. कधी तो असतो, कधी कॅमेरा नुसताच फिरत असतो. फरक कळत नाही.

यानंतर नकलांची रांग लागली. १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी जीन सिस्कल आणि रॉजर इबर्ट या समीक्षकांनी आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा एक अख्खा भाग या पिक्चरांविरुद्ध केला. आक्षेप नेमका नजरेवर होता: कॅमेरा प्रेक्षकाला खुन्याच्या जागी बसवतो आणि बाईला सावज करतो. पण ‘हॅलोविन’ला मात्र दोघांनी वेगळं काढलं, चांगला म्हटलं.

मला दोघांचं बरचसं पटतं, पण ‘हॅलोविन’ही पूर्ण सुटत नाही. अर्धवट कपड्यातल्या मुलीकडे चोरून बघणं तिथेही आहेच, आणि ते आपणच करतोय. फरक पडतो तो मुखवटा ओढल्यावर. नकला करणाऱ्यांनी डोळे घेतले, हा उलटा कट घेतला नाही. कार्पेंटर आपल्याला त्या डोळ्यांमागून बाहेर काढतो, समोर उभं करतो आणि एवढा वेळ ज्याच्याबरोबर चाललो तो कोण हे दाखवतो. मग क्रेन मागे जात राहते, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, कुणी काही बोलत नाही, आणि का केलं याचं उत्तर त्या मुलाच्या चेहऱ्यावर नसतं.

बघणार असाल तर मोबाइलवर नको, पडदा रुंद हवा, अंधारे कोपरे दिसायला हवेत. एकदा आवाज बंद करून बघा आणि लगेच आवाजासकट. आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर.