लाँग राईडवर बाईक बंद पडली? रेंज नसतानाही मोबाईल असा वापरा

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी, आंबोली, नाहीतर थेट गोव्याचा प्लॅन ठरतोच. राईडची तयारी म्हणजे हेल्मेट, रेनकोट आणि प्लेलिस्ट. बाईक मध्येच बंद पडली तर काय करायचं, याचं उत्तर मात्र ठरलेलं असतं: "मोबाईल आहे ना, बघू!"

अडचण अशी की घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, आणि दिवसभर नेव्हिगेशन चालवून संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरीही उतरलेली असते. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: रेंज असताना केलेली तयारीच रेंज नसताना कामी येते. ही तयारी कशी करायची आणि बाईक बंद पडल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, ते या लेखात पाहू.

निघण्याआधी फोनमध्ये हे करून ठेवा

१. ऑफलाइन मॅप: गुगल मॅप्समध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'ऑफलाइन मॅप्स' उघडा आणि पूर्ण रूटचा भाग डाउनलोड करा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे डेटा नसला तरी तुमचा निळा ठिपका दिसतो. फक्त मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ थांबावं लागतं.

२. कागदपत्रं: बाईकच्या मॅन्युअलची आणि इन्शुरन्स पॉलिसीची पीडीएफ फोनमध्येच सेव्ह करा, फक्त ड्राईव्हवर ठेवू नका. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असू द्या.

३. रोडसाईड असिस्टन्स: तुमच्या पॉलिसीत ही सुविधा आहे की वेगळी घ्यावी लागते, ते तपासा. नंबर पॉलिसीवरूनच घेऊन सेव्ह करा. टोइंग किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे तेही वाचा.

४. नंबर: आणीबाणीसाठी ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३. घरच्या दोन माणसांचे नंबर कागदावरही लिहून ठेवा.

लडाखला जाणार असाल तर आणखी एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

बाईक थांबली. पहिली पाच मिनिटं

आधी बाईक नाही, जीव सांभाळा. बाईक वळणावर असेल तर ढकलत सरळ रस्त्यावर, डाव्या कडेला न्या. मागून येणाऱ्याला लांबून दिसलं पाहिजे. इंडिकेटर चालू ठेवा, पण बाईक आणि ट्रॅफिकच्या मध्ये उभं राहू नका. पावसात डोंगराच्या कापलेल्या कड्याखाली थांबणं टाळा, कारण तिथे दरडीचा धोका असतो.

मग फोन काढा आणि लगेच लोकेशन सेव्ह करा किंवा स्क्रीनशॉट घ्या. मदत शोधत पुढे गेलात तर बाईक नेमकी कुठे आहे ते सांगता आलं पाहिजे.

मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि जवळपास सगळ्या नव्या बाईक कार्ब्युरेटर सोडून फ्युएल इंजेक्शनवर आल्या. त्यामुळे जुन्या काळच्या काही युक्त्या आता चालत नाहीत. पण काही वेळा बिघाड अगदी साधा असतो:

- किल स्विच: हात लागून बंद झालेला असू शकतो. सगळ्यात आधी हेच बघा.
- साईड स्टँड: गिअर टाकला की इंजिन बंद पडतंय? बऱ्याच बाईकना स्टँडचा सेन्सर असतो. कोकणातला लाल चिखल तिथे अडकला तरी बाईकला वाटतं स्टँड खालीच आहे. पाण्याने धुवून पाहा.
- बाईक आडवी पडली होती का? अनेक बाईक पडल्यावर इंजिन आपोआप बंद करतात. बाईक उभी करा, चावी बंद करून काही सेकंद थांबा, मग पुन्हा चालू करा.
- पंपाचा आवाज: चावी ऑन केल्यावर एक-दोन सेकंद बारीक 'झुंई' आवाज येतो, तो फ्युएल पंप. आवाज नाही म्हणजे पंपापर्यंत करंट पोहोचत नसावा. आता फ्यूज बघा.
- फ्यूज: तो कुठे आहे ते मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये मिळेल. बहुतेक वेळा सीटखाली किंवा बॅटरीजवळ असतो, आणि स्पेअर फ्यूजही अनेकदा त्याच डबीत असतो. जितक्या अँपिअरचा जळला तितक्याचाच लावा. लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअर. फ्यूजच्या जागी वायर किंवा चांदी अजिबात नको, वायरिंग जळू शकतं.
- बॅटरी: स्टार्टर नुसता 'टक टक' करतोय? बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल सैल असेल. थोडा करंट शिल्लक असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन बाईक सुरू होऊ शकते. पण बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजेक्शनच्या बाईकला कितीही ढकला, पंपच चालणार नाही. गिअर नसलेली स्कूटरही धक्क्याने सुरू होत नाही.
- इंजिन तापलंय: अर्धा तास थंड होऊ द्या. रेडिएटर असेल तर गरम असताना त्याचं झाकण उघडू नका, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं.
- पंक्चर: ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि जवळ किट नसेल तर तो उपटू नका. त्याच्यामुळेच हवा हळू जातेय, सावकाश पुढच्या दुकानापर्यंत जाता येईल. टायर ट्यूबचा असेल तर स्ट्रिपचं किट उपयोगाचं नाही, ट्यूबच काढावी लागते.

यातून काही जमलं नाही तर ओळखीच्या मेकॅनिकला डॅशबोर्डचा फोटो आणि स्टार्टरच्या आवाजाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. "चालूच होत नाही" यापेक्षा त्यातून त्याला खूप जास्त कळतं. कोणतीही वायर काढण्याआधी तिचा फोटो घ्या.

रेंज नसेल तर

- स्क्रीनवर 'फक्त इमर्जन्सी कॉल' दिसत असेल तर ११२ लावून पाहा. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून हा कॉल लागू शकतो.
- व्हॉट्सॲप अडकलं तरी साधा एसएमएस कमी सिग्नलमध्ये जाऊ शकतो. मॅपवर तुमच्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, ते मेसेजमध्ये टाका.
- रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचा. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा.

मेसेज असा असू द्या: "बाईक बंद. एनएच ६६, महाडहून पोलादपूरकडे जाताना. शेवटचा दगड पोलादपूर ६ किमी. मी ठीक आहे. फोन २० टक्के. रात्री ८ पर्यंत निरोप आला नाही तर ११२ ला कळवा."

एकाच मेसेजमध्ये सगळं आलं. आता घरच्यांना पुन्हापुन्हा फोन करून तुमची बॅटरी संपवावी लागणार नाही.

बॅटरी वाचवा, पैसेही वाचवा

ब्राइटनेस कमी करा, बॅटरी सेव्हर लावा. रेंज अजिबात नसेल तर फ्लाइट मोड टाका, कारण सिग्नल शोधण्यातच फोन भरपूर चार्ज खातो. ठरावीक वेळाने सुरू करून मेसेज तपासा. बंद बाईकच्या यूएसबी पोर्टवर फोन चार्ज करू नका, उरलीसुरली बाईकची बॅटरीही जाईल. पॉवर बँक सोबत हवीच.

आता फसवणुकीबद्दल. घाईत आपण गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. असे खोटे नंबर टाकणारे लोक आहेत. समोरचा आधी ॲडव्हान्स मागत असेल, लिंक पाठवत असेल किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगत असेल तर कॉल कट करा. पैसे *मिळवण्यासाठी* यूपीआय पिन कधीच लागत नाही. टोइंगवाल्याकडून रक्कम मेसेजवर लिहून घ्या आणि गाडी आल्यावरच पैसे द्या. डेटा नसेल तर *९९# डायल करूनही यूपीआय चालतं, पण त्यासाठी नंबर बँकेला जोडलेला हवा आणि थोडी रेंज हवी. म्हणून हजारएक रुपये रोख ठेवाच.

अंधार पडायला लागला तर

लिफ्ट मिळवून गावात जायचं ठरवलं तर त्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो आधी घरी पाठवा. बाईकचं हँडल लॉक करा, सामान आणि कागदपत्रं सोबत घ्या. जवळच्या धाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर विचारलंत तर पंक्चरवाल्याचा, टेम्पोवाल्याचा नंबर बहुतेक वेळा मिळतो. इथे ॲपपेक्षा माणसं लवकर कामी येतात. बाईक सकाळीही नेता येईल, रात्री घाटात एकट्याने तिची राखण करत बसू नका.

पुढच्या राईडचा ग्रुप बनला असेल तर हा लेख तिथे टाका, आणि ऑफलाइन मॅप आजच वायफायवर डाउनलोड करून ठेवा.