फॉरवर्डची नोकरी

१९९१ च्या फेडरेशन चषकाचा अंतिम सामना कण्णूरला झाला. एका बाजूला मुंबईचा महिंद्रा अँड महिंद्रा, दुसऱ्या बाजूला केरळ पोलीस. एक वाहनं बनवणारी कंपनी आणि एक सरकारी खातं. राष्ट्रीय लीग सुरू व्हायला अजून पाच वर्षं होती. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, गावोगावी रेल्वे आणि बँका यांनीच फुटबॉल पोसला होता. चांगला खेळाडू दिसला की त्याला करार नव्हे, नोकरी मिळे. केरळ पोलिसांनी तो सामना २-० असा जिंकला आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी चषक राखला. त्या संघातला आघाडीचा खेळाडू होता आय. एम. विजयन.

विजयनचा जन्म १९६९ चा, त्रिशूरचा. घरात इतकं दारिद्र्य की लहानपणी तो त्रिशूरच्या म्युनिसिपल स्टेडियमवर सोडा विकायचा. बाटलीमागे दहा पैसे सुटत. सामना बघत बघतच धंदा चालायचा. याच मैदानाच्या परिसरात प्रशिक्षक टी. के. चातुण्णी यांची नजर त्याच्यावर पडली. चातुण्णी स्वतः गोव्याच्या वास्को क्लबकडून आणि मुंबईच्या ऑर्के मिल्सकडून खेळलेले. पोटासाठी फुटबॉलपटूला गाव सोडून कुठे कुठे जावं लागतं, हे त्यांनी अनुभवलं होतं.

विजयनला मात्र पहिली नोकरी घराजवळच मिळाली. केरळ पोलिसांनी १९८४ मध्ये फुटबॉल संघ उभा केला होता. १९८७ मध्ये विजयन तिथे शिपाई म्हणून लागला. व्ही. पी. सत्यन, सी. व्ही. पापच्चन, यू. शराफअली हे सगळे त्याच खाकीतले. १९९० मध्ये त्रिशूरलाच, गोव्याच्या साळगावकरला २-१ असं हरवून या पोलिसांनी आपला पहिला फेडरेशन चषक मिळवला. प्रशिक्षक चातुण्णीच होते. ज्या शहरात विजयनने सोडा विकला, त्याच शहरात हे घडलं.

नंतर बोलावणं आलं ते कोलकात्याहून. तिथली बदल्यांची पद्धत वेगळीच होती. सही होईपर्यंत खेळाडू प्रतिस्पर्धी क्लबच्या हाती लागू नये म्हणून क्लबची माणसं त्याला लपवून ठेवत. विजयन १९९१ मध्ये तिथल्या मोहन बागानला गेला, वर्षभराने पोलिसांत परतला आणि १९९३ मध्ये पुन्हा मोहन बागानकडे गेला. या ये-जा करण्याला चंचलपणा म्हणणं अन्यायाचं ठरेल. क्लबचा पैसा मोठा असला तरी त्याला उद्याची हमी नव्हती. शिपायाचा पगार लहान असला तरी पायाला दुखापत झाल्यावरही तो चालू राहणार होता. त्या पिढीतल्या कितीतरी फुटबॉलपटूंना हाच हिशेब करावा लागला.

कोलकात्याने त्याला ‘काळं हरीण’ म्हटलं. शरीरयष्टी सडसडीत आणि दोन्ही पाय सारख्याच हुकमतीचे. हवेतला चेंडू जमिनीवर येण्याची वाट न पाहता तो फटका मारायचा. १९९४ पासून तो पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी या कापड गिरणीच्या संघात होता. तिथे त्याच्या जोडीला बायचुंग भुतिया आला, आणि १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जेसीटीने जिंकली. माझ्या मते भारतीय फुटबॉलने एका संघात पाहिलेली ही सर्वांत देखणी जोडी.

मग १९९७ मध्ये केरळमध्येच एफसी कोचीन हा व्यावसायिक क्लब निघाला. कारखाना नाही, खातं नाही. खेळ हाच धंदा. विजयन घरी परतला. पहिल्याच वर्षी संघाने मोहन बागानला ३-१ हरवून ड्युरँड चषक जिंकला. केरळच्या कुठल्याही संघाला तोवर हे साधलं नव्हतं. पण पैशाचं गणित कोलमडलं, खेळाडूंचे पगार थकले आणि २००२ च्या सुमारास क्लब संपला. खेळाडू खरे होते, प्रेक्षक खरे होते. त्यामागे टिकाऊ उत्पन्न उभं करणारं कुणी नव्हतं. याचं दुःख आजही वाटतं.

देशासाठी खेळताना हे प्रश्न मैदानाबाहेर राहत. १९९७ च्या दक्षिण आशियाई सॅफ फुटबॉल स्पर्धेत त्याने सर्वाधिक सहा गोल केले. १९९९ च्या काठमांडूच्या सॅफ क्रीडास्पर्धेत भूतानविरुद्ध त्याने अवघ्या १२ सेकंदांत गोल केला. २००३ मध्ये हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धेत, चौतिसाव्या वर्षी, चार गोल करून त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला. देशाचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू हा मान त्याला तीनदा मिळाला. मधल्या काळात जयराज यांच्या ‘शांतम’ या मल्याळम चित्रपटात त्याने प्रमुख भूमिकाही केली. तो चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला.

क्लब फुटबॉल तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्समार्गे कोलकात्याच्या ईस्ट बंगालपर्यंत खेळत राहिला. २०१० मध्ये महिंद्राने आपला संघ बंद केला, २०११ मध्ये जेसीटीने. विजयन तोवर खेळ सोडून बसला होता. तो पुन्हा केरळ पोलिसांत रुजू झाला, आणि २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली त्याच वर्षी, मलबार स्पेशल पोलीस दलातून सेवानिवृत्त झाला.