सोपाऱ्याच्या स्तूपांतील मुकुटधारी मैत्रेय



आमच्या मालगुंडासारख्या गांवीं घरोघर देव्हाऱ्यांत पितळेच्या मूर्ती असतात. हातीं मोदक दिसला कीं हा गणपति, मुरली दिसली कीं हा कृष्ण, हें लहान मूलहि सांगतें. ही मूर्तींची भाषा आपण कोणी न शिकवितां शिकलों. परंतु याच कोंकण किनाऱ्यावर एके काळीं धातुमूर्तींची दुसरीहि एक भाषा नांदत होती. तिचा सुंदर नमुना सोपाऱ्यास सांपडला.

सोपारें म्हणजे वसईजवळचें प्राचीन शूर्पारक बंदर. तेथें एक मोठा उंचवटा होता. लोक त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणविला, तों आंत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यांत दगडाची पेटी होती. तिच्यांत तांब्याचा करंडा आणि त्याच्या पोटांत एकांत एक असे चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा करंडा होते. सोन्याच्या करंड्यांत मातीच्या पात्राचे बारीक तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले असावेत, असें पंडितजींनीं मानलें.

तांब्याच्या करंड्याभोंवतीं आठ कांस्यमूर्ती होत्या. पेटींत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचें नाणें मिळालें. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकांतल्या मानतात. म्हणजे कोणा श्रद्धावंतांनीं जुना स्तूप मागाहून उघडून त्या आंत ठेविल्या असाव्यात.

आठांपैकीं सात मूर्ती होऊन गेलेल्या बुद्धांच्या: विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनि, काश्यप आणि शाक्यमुनि. त्यांच्या अंगावर भिक्षूचें साधें चीवर आहे, अलंकार नाहींत. आठवी मूर्ति मैत्रेय बोधिसत्त्वाची. तिच्या मस्तकीं मुकुट आहे, उजवा हात वर देणारा आहे आणि डाव्या हातांत फुलाची डहाळी आहे. नागचांफा हा मैत्रेयाचा बोधिवृक्ष होय.

विरक्तीचा उपदेश करणाऱ्या धर्मांत हा मुकुट कशाला, असें कोणी विचारील. सिद्धार्थानें बोधि मिळण्यापूर्वीं राजवस्त्रें उतरविलीं, हें आपण जाणतों. बोधिसत्त्व अजून त्या क्षणाच्या अलीकडे उभा आहे. प्राणिमात्रांच्या उद्धाराचें व्रत घेऊन तो संसाराच्या मर्यादेंत राहिला आहे. अलंकार ही त्याची खूण. मैत्रेय तुषित स्वर्गांत वाट पाहत आहे आणि धर्माचा विसर पडल्यावर तो बुद्ध होऊन येईल, अशी बौद्धांची श्रद्धा आहे. म्हणून त्या वर्तुळांत सात मूर्ती भूतकाळाच्या आणि एक भविष्याची.

देव्हाऱ्यांतली मूर्ति दर्शनासाठीं असते. या आठ मूर्ती मात्र मातीविटांच्या पोटांत, कोणाची दृष्टि पडणार नाहीं अशा ठिकाणीं बंद केल्या. पुढें धर्म विसरला जाईल हें ठेवणाऱ्यांनीं धरूनच चाललें होतें, आणि तसेंच झालें; स्तूपाचा कोट झाला व बुद्धाच्या जागीं बुरूड राजा आला. तरी शेंकडों वर्षांनीं एक पंडित तो मुकुट आणि ती डहाळी पाहून मैत्रेयाचें नांव सांगूं शकला.

आज त्या मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहेत. परंतु शेत नांगरतांना वा विहीर खणतांना निघालेली काळवंडलेली मूर्ति मोडींत गेली, तर तिचें नांव कोण सांगणार? तेव्हां अशी मूर्ति सांपडल्यास ती घांसूं नका, आटवूं नका. तिचे हात आणि मस्तक नीट पाहा, व जाणत्याच्या हवालीं करा.